ताळा

सोमवारी मंदाला अकरावीला संमिश्र मुळांचं वर्गसमीकरण शिकवायचं होतं. नवा अभ्यासक्रम होता, तिला धास्ती होती. म्हणून रविवारी शिवाजी पेठेतल्या घरी तिचे वडील अप्पा, निवृत्त गणित मास्तर, पाटी घेऊन बसले.

"मुळं आली, दोन अधिक-उणे तीन आय. आता ताळा कर. उत्तर समीकरणात घातलं की शून्य यायला हवं. आय ही काल्पनिक संख्या, तिचा वर्ग उणे एक, हे विसरलीस तर पोरं फजिती करतील की तुझी."

बोलताना त्यांना धाप लागत होती. मंदाचं लक्ष त्यांच्या कपाळावरच्या घामाकडे होतं. डॉक्टरांचं नाव काढलं की ते चिडत. ते लवकर आडवे व्हावेत म्हणून ती म्हणाली, "समजलं, अप्पा."

पहाटे झोपेतच ते वारले.

सुतक फिटलं. राहिलेला तास उद्या होता. तिने त्याच समीकरणाचा ताळा केला, तर शून्याऐवजी अठरा आले. पुन्हा केला, पुन्हा अठरा. मग ओळीत तीन आयच्या वर्गाचे अधिक नऊ दिसले. तिने उणे नऊ केले. शून्य आलं.

अप्पांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून ती मोठ्याने म्हणाली, "अप्पा, मला तेव्हा समजलं नव्हतं. मी तुमचा श्वास ऐकत होते."