मेपलचा घरातला हिवाळा

थंडीच्या पहिल्या आठवड्यात बाबांच्या जपानी मेपलवर तेवीस लाल पानं उरली होती आणि एकशे चार कुंडीत गळून पडली होती. बाबांना आता अंथरुणातून उठवत नव्हतं, म्हणून रोज मोजून आकडा त्यांना सांगायचं काम माझ्याकडे होतं.

"आत आण त्याला," ते म्हणाले. "माझ्या उशाशी ठेव."

"बाबा, नऊ हिवाळे तुम्हीच त्याला गच्चीत ठेवलंत. थंडी मिळाली नाही तर पुढे फांद्यांवरचे डोळे फुटत नाहीत, पालवी येत नाही, हेही तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं. पण मला सोबत नको का?"

"आण गं बाई," आत्या म्हणाली. "दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. झाडासाठी हवं तर स्वेटर विणते मी."

बाबा महिन्याभरात पहिल्यांदाच हसले. सगळं माहीत असूनही मी कुंडी उचलून त्यांच्या खोलीत नेली. तिथे हीटर दिवसरात्र चालू असायचा.

चार दिवसांत उरलेली पानं गळाली. हिवाळाभर बाबा उघड्या फांद्यांकडे बघत पडून राहिले. थंडी सरली, समोरच्या गच्चीतल्या मेपलला पालवी आली, आमच्या झाडाचे डोळे मात्र मिटलेलेच होते.

"जिवंत आहे ना गं?" बाबांनी विचारलं.

सालीखाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत असते. मी त्यांच्यासमोरच, शेंड्यापासून खाली येत, बारा ठिकाणी नखाने साल खरवडली. अकरा ठिकाणी तपकिरी निघालं. बाराव्या ठिकाणी, मातीपासून तीन सेंटिमीटरवर, हिरवं होतं.