दार नसलेला तंबू

ताडपत्रीच्या कारखान्यात सहा वर्षे काढली की माणसाला भोकाचा राग येऊ लागतो. तिथे मालट्रकांवर घालायची आच्छादने शिवली जात, आणि पाण्याचा एक थेंब जरी आत शिरला तरी सगळा माल परत येई. त्या कारखान्याचा आणखी एक नियम होता : शिलाई पुरी झाली की कापडाला पुन्हा कात्री लावायची नाही. कापायचे ते आधी, विचार करून. तिथला तरुण कटिंग मास्तर हा नियम इतका मनापासून पाळी, की त्याचे बोलणेही तसेच झाले होते. आधी पुष्कळ विचार, आणि मग बहुधा गप्पच.

गेले वर्षभर तो बहिणीकडे राहत होता. सात वर्षांचा भाचा पाठीमागे हात बांधून घरभर चौकशा करीत हिंडे, म्हणून त्याला सगळे ‘साहेब’ म्हणत. चार वर्षांची भाची सारखी गरगरे, म्हणून ती ‘भिंगरी’. मामा कामावरून आला की मात्र ही भिंगरी थांबे आणि साहेबांच्या मागे दडून, एका डोळ्याने त्याच्याकडे पाही. त्या एका डोळ्याला काय सांगावे, हे मामाला वर्षभरात सुचले नव्हते.

आता दिवसही उरले नव्हते. येत्या सोमवारी तो दूरच्या शहरात, एका मोठ्या कारखान्यात रुजू होणार होता. जाण्यापूर्वी ह्या दोघांच्या मनात आपण एक खुंटी ठोकून जावे, पुढे कधी परत आलो तर टोपी अडकवायला जागा असावी, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून उरल्यासुरल्या निळ्या-हिरव्या ताडपत्रीचा त्याने गेले तीन आठवडे खपून एक तंबू शिवला होता, आणि आता एका संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, “ताई, शनिवारी मुलांना तळ्याकाठी नेऊ का? एक रात्र.”

ताईने वळून पाहिले. “तू? अरे, भूक लागली म्हणून सांगायला तुला लाज वाटते, आणि ही दोन वानरं सांभाळणार?” पण भावाने आजवर काही मागितल्याचे तिला आठवेना. ती विरघळली. “ने बाबा. मी सातला फोन करीन. दोघांतलं एक जरी रडलं, तर गाडी काढून घेऊन येईन. मग तोंड पाडून बसायचं नाही हं.”

शनिवारी चारच्या सुमारास ताई तिघांना तळ्याकाठी सोडून गेली. मामाने खुंट ठोकले, दोऱ्या ताणल्या, आणि ट्रकवर बांधतात तसे रिंगांतून दोर ओवून तंबूचे काठ खालच्या सतरंजीसारख्या ताडपत्रीला चारी बाजूंनी आवळून टाकले. तंबू असा ताठ उभा राहिला की कुठे सुरकुती म्हणून नाही. मामाला कित्येक दिवसांत इतके बरे वाटले नव्हते.

साहेबांनी पाठीमागे हात बांधून तंबूभोवती एक फेरी मारली. मग दुसरी.

“मामा, एक विचारू?”

“विचार की.”

“आत कुठून जायचं?”

मामाही तंबूभोवती फिरला. चार भिंती, चार शिवणी, सगळीकडे दुहेरी टाका. दार कुठेच नव्हते. सहा वर्षांत त्याने जे जे झाकले होते, त्यातले कोणीही आतबाहेर करणारे नव्हते. धान्याची पोती काही मध्येच उठून ‘शू लागली’ म्हणत नाहीत.

“मामा दारच विसरला!” साहेब आपला हुद्दा विसरून गवतात लोळू लागले. “घर बांधलं आणि दारच नाही!”

“अरे, दोर सैल केला की खालून सरपटत जाता येतं,” मामा पुटपुटला. तसे तो आणि साहेब गेलेही. आत निळा-हिरवा उजेड पसरला होता, जणू तळ्याच्या पोटात शिरावे तसा. साहेब खूश झाले. पण उन्हे उतरली तसा आतला निळा रंग काळवंडत गेला, आणि मामा बाहेर पडून पाहतो तो बाहेरच राहिलेल्या भिंगरीचा खालचा ओठ पुढे आलेला. सातला दहा कमी होते.

“काय झालं गं?” साहेबांनी चौकशी केली.

भिंगरीने मामाकडे पाहिले. ह्या वेळी दोन्ही डोळ्यांनी. “ह्याला दार नाही,” ती म्हणाली. “मग आई आली तर कुठून येणार?”

तिने मामाशी बोललेले हे पहिलेच सबंध वाक्य. घरी ती खोलीचे दार किलकिले ठेवूनच झोपे. त्या फटीतून येणारी उजेडाची रेघ मामा रोज आपल्या अंथरुणावरून पाहत असे, आणि त्या रेघेच्या आधाराने, कोणाला न सांगता, त्यालाही झोप येत असे.

तो उठला. पिशवीतून त्याने खडू आणि कापायची मोठी कात्री काढली, आणि खडू भिंगरीच्या हातात दिला. “तू काढ. तुला हवं तिथे.”

भिंगरीने जीभ बाहेर काढून, आपल्या उंचीएवढे, एका बाजूला कललेले एक दार तंबूवर काढले. मामाने कात्री उघडली. शिवून झालेल्या कापडाजवळ सहा वर्षांच्या सवयीने हात थबकला. मग पाती कर्रकर्र चालू लागली, आणि कापड बाजूला होताच तळ्यावरचा सगळा तांबूस उजेड आत जाऊन बसला.

भिंगरी आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. घरातली गरगर इथे सुरू झाली. “मामा, तू ये ना!”

मामा वाकला, रांगला, डोके आत गेले, आणि खांदे अडकले.

“साहेब, जरा मागून ढकला!”

“आधी अर्ज करा,” साहेब म्हणाले. “लेखी.”

भिंगरी आतून नाक धरून ओढत होती, साहेब हसून हसून ढकलू शकत नव्हते, आणि मामा, ज्याचे हसणे घरात कोणी नीट ऐकले नव्हते, तो अर्धा आत अर्धा बाहेर असा खो खो हसत होता. इतक्यात फोन वाजला. साहेबांनी तो मामाच्या मागच्या खिशातून काढून दाराच्या फटीतून आत सरकवला. “आई?” भिंगरी म्हणाली.

“काय गं, रडतेयस का?” ताईचा आवाज आला. “येऊ का न्यायला?”

“नको,” भिंगरी घाईने म्हणाली. “आत्ता नको येऊस. मामा दारात अडकलाय.”

सकाळी ताई आली, तीही त्याच दारातून, रांगत, साडी सावरत. “कुठल्या शहाण्याने कापलंय हे!” म्हणाली, आणि आत येऊन लेकीशेजारी आडवी झाली.

आवराआवर करताना मामाने ताईला सांगितले की तंबू इथेच, मुलांपाशी राहू दे. मग खडू शोधू लागला तर तो भिंगरीच्या हातात. तंबूच्या दुसऱ्या भिंतीवर, दगडावर चढून, टाचा उंचावून ती काहीतरी काढत होती. एक उंचच उंच दार.

“हे तुझं,” ती म्हणाली.

मामाने सवयीने कात्रीकडे हात नेला.

“आत्ता नाही रे!” भिंगरी ओरडली. “परत आलास की काप.”