माझ्या घरमालकिणीचं दुखणं

मी आतड्यातला एक जिवाणू बोलतोय. दचकू नका. आमच्यातले सगळेच काही आजार घेऊन येत नाहीत. माझा जन्म साधाच. आई मधोमध दुभंगली आणि एकाचे दोन झाले. त्यातली आई कोण आणि लेकरू कोण, हे आम्हालाही सांगता येत नाही. त्यामुळे आधीच्या पिढ्यांच्या गोष्टीही मी बिनदिक्कत ‘मी’ म्हणून सांगतो.

माझी घरमालकीण लाकडी सामानाला पॉलिश करते. तिचे बाबा सुतार. खाली कारखाना, वर घर. तिला जे पचत नाही ते आमच्या वाट्याला येतं: डाळींची टरफलं, भाज्यांचे धागे, फळांच्या साली. त्यातून आम्ही जी आम्लं बनवतो, त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. आमचं बरं चाललं होतं.

दर महिन्याला मात्र घर हादरायचं. ओटीपोटात अशी कळ यायची की ती हातातला पॉलिशचा बोळा टाकून भुशातच बसायची. बाबा म्हणायचे, “पोट बिघडलं असेल. काहीतरी अरबटचरबट खाल्लं असशील.” झालं, खापर आमच्यावर. मग जंतू मारायच्या गोळ्या यायच्या आणि माझे निम्मे शेजारी नाहीसे व्हायचे. दुखणं जिथल्या तिथे. अशी नऊ वर्षं गेली. मला राग यायचा, पण तिचं वाईट जास्त वाटायचं.

मग वाचनालयाच्या बारा टेबलांचं काम आलं. बाबा म्हणाले, “पॉलिश बाहेर देतो. ऐन वेळी तू आडवी झालीस तर?” दुसऱ्या दिवशी ती एकटीच स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेली.

तपासण्या झाल्यावर बाई म्हणाल्या, “हे पोट बिघडणं नाही. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात आणि दुखतं. तुम्ही नाटक करत नव्हता.” ती रडली. बाईंनी तिला रडू दिलं.

“आतड्यातले जिवाणू आणि खाण्यातले स्निग्ध पदार्थ यांचा याच्याशी संबंध असावा, असं काही अभ्यासांत दिसतंय,” त्या पुढे म्हणाल्या. “नक्की काय, ते अजून कळलेलं नाही. मी लिहून देते त्या गोळ्या घ्यायच्याच. पण तळकट कमी करा. मासे, अक्रोड, भाजलेलं जवस खा.” आमचं नाव एकदाचं चांगल्या ठिकाणी निघालं, म्हणून मी फुशारलो.

बाईंनी हे सगळं लिहून दिलेला कागद बाबांनी वाचला आणि जवस हा शब्द बघून त्यांची कळी खुलली. लाकडाला जवसाचं तेल चोळण्यात त्यांचा जन्म गेला होता. जेवताना त्यांनी कारखान्यातला डबा आणला आणि तिच्या ताटातल्या काकडीवर सढळ हाताने धार सोडली.

तिने ताट नाकाजवळ नेलं. “बाबा, हे खालचं ना?”

“जवसाचंच आहे. एकदम अस्सल.”

“यात लवकर वाळायची रसायनं असतात. खाल्लं तर मी आतून चकाकेन, पण परत उठणार नाही.”

आम्हा कोट्यवधींचा जीव भांड्यात पडला. बाबा मात्र डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मग म्हणाले, “मला यातलं काही कळत नाही गं. नक्की कुठे दुखतं तुला?”

हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. तिने सगळं सांगितलं. जेवण गार झालं तरी कुणी उठलं नाही.

आता तिचं दुखणं कमी आहे, गेलेलं नाही. गुण गोळ्यांचा की आमचा, मला ठाऊक नाही आणि मी श्रेय मागतही नाही. माझे शेजारी परतताहेत, खायला चांगलं मिळतंय, मी सुखात आहे. तुमच्याकडे एवढंच मागणं: आम्हाला चार फळं सालीसकट खायला घाला आणि घरातलं कुणी पोट धरून बसलं, तर स्वतःच रोगाचं निदान करण्याआधी त्याचे दोन शब्द ऐकून घ्या.

त्या टेबलांचं सांगतो आणि निरोप घेतो. पॉलिश शेवटी बाबांनी तिच्याकडेच ठेवलं. सात टेबलं झाली होती आणि ती पुन्हा आडवी पडली. वाचनालयातून फोन आला की उरलेली दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.

बाबा म्हणाले, “माझी मुलगी आजारी आहे. ती उठली की करेल. तोवर वाचकांना सात टेबलांवर बसवा.”