मागितलेला भाव, मिळालेला भाव

माझ्या सासूबाई नवसाबाई लासलगावजवळच्या. चाळीस वर्षं त्यांनी कांदा पिकवला, आणि सासरे गेल्यावर लिलावात उभं राहून विकलाही. मला राग पटकन येतो, त्यांना येतच नाही. खरं तर आमचं जमायला नको. पण जावयाचा मान त्यांनी कधी कमी केला नाही. आमच्याकडे आल्या की माझ्या बायकोला, मनीषाला, बजावायच्या, चहाचा पहिला कप जावईबापूंचा. बारा वर्षं मी तो कप ऐटीत घेत आलो.

२००६च्या चैत्रात वणीला देवीच्या दर्शनाला जाताना वाट वाकडी करून त्या नाशिकला आमच्याकडे उतरल्या. नेमका त्याच दिवशी मी शहाणपणा करायला निघालो होतो. इंटरनेटवरच्या लिलावात मला स्मारक नाण्यांचा एक संच सापडला होता. निळ्या मखमलीची पेटी, बारा नाणी, सोबत प्रमाणपत्र आणि त्यावर बाजारभाव चाळीस हजार. विकणारा मागत होता फक्त बावीस. आत्ता बावीसला घ्यायचा आणि दिवाळीत चाळीसला काढायचा. एवढी सोपी गोष्ट दुसऱ्या कुणाला सुचली नाही, याचंच मला नवल वाटत होतं. जवळ पैसे नव्हते, म्हणून मनीषाने हातातल्या पाटल्या काढून दिल्या. तिच्या आईनेच लग्नात घातलेल्या. "तुम्हाला खात्री आहे ना?" एवढंच तिने विचारलं, तर मी तिच्यावर खेकसलो.

पाटल्या रुमालात गुंडाळून मी शर्टाच्या खिशात ठेवल्या. संध्याकाळी पाचला लिलाव बंद होणार होता, त्याआधी सराफ बाजार गाठून त्या मोडायच्या होत्या. नाण्यांबद्दल मी सासूबाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. पाटल्यांचं बोललो नाही. त्यांनी एकदा लेकीच्या हातांकडे पाहिलं. तिथे नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या.

"जावईबापू, तुमचा तो बाजार मला दाखवा की," त्या म्हणाल्या.

"आई, तो कॉम्प्युटरवर असतो."

"असू द्या. लिलाव हे ना? मंग कळंल मला."

कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत कॉलेजची मुलं आमच्याकडे टकमक बघत होती. सासूबाई डोक्यावरचा पदर सावरून खुर्चीत बसल्या आणि पेटीचा फोटो नीट पाहिला.

"लय देखणी हे. पण चाळीस हजार कोण म्हणतं?"

"प्रमाणपत्रावर छापलंय."

"ते कुणी दिलं?"

"विकणाराच देतो ते."

"मंग माझ्या कांद्याला मी बी प्रमाणपत्र देईन. अन् हे बावीस हजार त्यानं मागितलेला भाव झाला. मिळालेला भाव कुठं लिवत्यात?"

मी तडकलो. बाजार समितीत आणि इंटरनेटवर फरक असतो, वगैरे काहीबाही बोललो. त्यांनी शांतपणे पुन्हा तेच विचारलं. शेवटी त्यांना गप्प करावं म्हणून मी संपलेल्या लिलावांचं पान उघडलं. महिनाभर मी त्या साइटवर पडून होतो, पण ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

त्याच विकणाऱ्याचा तसलाच संच तिथे पाच वेळा येऊन गेला होता. तीन वेळा एकही बोली लागली नव्हती. एकदा तो एकोणीसशेला गेला होता, एकदा एकवीसशेला.

"चांदी किती तोळे हे?" त्यांनी विचारलं.

मी पान खाली खाली सरकवलं. सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चांदीचा मुलामा.

"कांद्याच्या ट्रॉलीत वरचा थर समदेच निवडून लावत्यात," त्या म्हणाल्या. "आपण कोपरापोतर हात घालायचा." मग त्यांनी पडद्यावर बाजूच्या एका जुन्या चांदीच्या रुपयावर बोट ठेवलं. त्याला ना पेटी होती, ना मखमल. वजन मात्र लिहिलेलं होतं आणि सतरा बोल्या लागल्या होत्या. "ह्यो माल. घेणारे एकमेकांवर चढत्यात बघा."

ज्या बाईने आयुष्यात कधी माऊसला हात लावला नव्हता, तिने दहा मिनिटांत माझा महिन्याचा अभ्यास धुऊन काढला. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त अभिमान वाटला, की ही माझी सासू आहे.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आता पाटल्या द्या लेकीला. सकाळपून तुमचा हात खिशावरच हे. बोली पटली नाय तर आम्ही ट्रॉली माघारी नेतो, त्यात लाज कसली?"

घरी मी रुमाल मनीषाच्या हातात दिला. ती काही विचारणार तोच सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनीच वळखलं, माल खोटा हे."

मी खरं सांगायचं सोडून चपला कोपऱ्यात सरकवत राहिलो. मनीषाने पाटल्या हातात चढवल्या, आधी माझ्याकडे आणि मग आईकडे पाहिलं, आणि चहा टाकायला गेली.

ती दोन कप घेऊन आली. पहिला कप तिने आईपुढे ठेवला.