शून्याचे दांडे

देवमन सरांनी अकोल्याच्या कॉलेजात तीस वर्षं छपराला पेलणाऱ्या लोखंडी दांड्यांच्या त्रिकोणी सांगाड्यांचं, म्हणजे कैच्यांचं, गणित शिकवलं. कैचीतल्या ज्या दांड्यांवर भार शून्य, ते आधी खोडायचे, मग गणिताला हात लावायचा, ही त्यांची शिस्त. त्यांचा विद्यार्थी अश्विन पुढे ठेकेदार झाला. मोर्शीकडच्या एका बाजाराचं नवं छप्पर दाखवायला तो सरांना मोठ्या मानानं घेऊन गेला. सरांनी वर पाहिलं. प्रत्येक कैचीत दोन दांडे कमी.

"अश्विन, दांडे कुठं गेले?"

"शून्यवाले होते, सर. तुमीच त खोडाले लावत होते!"

"कागदावर, लेका! वारा सुटला की त्याच दांड्यांवर भार येते."

"वारा तुमच्या पेपरात कधी आलाच नाही, सर."

सर तडक अमरावतीला, छपराला मंजुरी देणाऱ्या इंजिनिअर अपेक्षाकडे गेले. तीही त्यांचीच विद्यार्थिनी.

"बाजार भरायच्या आत ते दांडे लावून घे, बाई."

"काहून सर? मी तुमच्याच रीतीनं तपासलं."

तिनं कागद पुढे केला. त्यात एकही चूक नव्हती. असाच पेपर सोडवल्याबद्दल सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

मंगळवारी दांडे न लावताच बाजार भरला. सगळे छपराखाली सावलीत बसले. सर तेवढे बाहेर उन्हात उभे राहून, समोरच्या कडुलिंबाची पानं हलतात का, ते बघत होते.