मासळी बंद

हॉस्पिटलात तिला सगळे रकानेबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. औषध घेऊन कुणाच्या अंगावर पुरळ उठलं, कुणाला घेरी आली, की त्याचा अहवाल वरच्या केंद्राला पाठवायचा, हे तिचं काम. डॉक्टर मंडळींना ही नसती ब्याद वाटे. ‘गोळी दिली, खाज आली, बरा झाला’ एवढं खरडलं की ते मोकळे. मग रकानेबाई कागद घेऊन त्यांच्या मागे. कोणती गोळी? कधी घेतली? सोबत आणखी काय चालू होतं? पाकिटावरचा बॅच नंबर कुठाय? इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर एकदा तिला बघून जिन्याखाली लपला होता. तिने तिथे वाकून त्याची सही घेतली.

त्या दिवशी तिच्यापुढे तिचा आजवरचा सगळ्यात देखणा अहवाल होता. मागच्या महिन्यात घसा धरला म्हणून आलेला एक रंगारी. अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल घेतली आणि थोड्याच वेळात अंगभर गांधी, ओठ सुजलेले. इंजेक्शन दिलं, सूज उतरली, माणूस घरी गेला. सगळं जिथल्या तिथे लिहिलेलं. रिकामा होता तो एकच रकाना: रुग्ण आता कसा आहे? तपासणीवाले दुपारी येणार होते आणि त्यांना दाखवायला मोठ्या साहेबांनी नेमका हाच अहवाल मागितला होता. तिने घाईघाईने फोन लावला.

रंगाऱ्याच्या बायकोने उचलला.

“हॉस्पिटलमधून बोलतेय. मिस्टरांची तब्येत कशी आहे आता?”

“अगं बाई, हॉस्पिटलातून? आज कशी आठवण झाली आमची? बरे आहेत हो. तेव्हापासून मासळी बंदच केलीय घरात.”

रकानेबाईचं पेन कागदावर टेकलं होतं, ते तिथेच थांबलं. “मासळी कशाला बंद केलीत?”

“तीच बाधली ना त्यांना. सासूबाई म्हणाल्या, ताजी नसणार. त्या दिवसापासून घरात काटा आला नाही.”

“आणि त्या कॅप्सूल?”

“आहेत की जपून ठेवलेल्या. चांगलं औषध टाकवत नाही हो, ताई. पायाला गळू झालंय, म्हणून मघाशी जेवल्यावर त्यातलीच एक दिली.”

रकानेबाई ताडकन उठली. “कुठेत ते आत्ता?”

“पडलेत जरा.”

“उठवा.”

“अहो, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा...”

“उठवा म्हणते ना!”

चपला फरफटत गेल्या. मग लांबून आवाज आला, “अहो, ऐकताय का? अहो! तोंड असं का झालंय तुमचं?” आणि एकदम फोनच्या अगदी जवळून, “ताई, ओठ सुजलेत. बोलताना घरघर होतेय.”

“मासळी नव्हती बाधली तेव्हा. ते औषध त्यांना चालत नाही. मिळेल त्या गाडीत घाला आणि इकडे आणा. चालवू नका, उचलून आणा. दम लागत असेल तर टेकून बसवा.”

“सासूबाई लिंबू-पाणी...”

“काही पाजू नका!”

फोन बंद झाला.

ती धावतच इमर्जन्सीत आली. तिला बघताच तरुण डॉक्टरने दोन्ही हात वर केले. “बाई, सगळ्या सह्या झाल्यात माझ्या.”

“तो रंगारी येतोय. पुन्हा तीच कॅप्सूल घेतलीय. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन भरून ठेवा.”

त्याचं हसू मावळलं. “कुणी दिली?”

“आपणच. मागची उरलेली होती.”

मग ती फाटकाशी जाऊन उभी राहिली. शिपाई शोधत आला: तपासणीवाले बसलेत, साहेब बोलावतायत. “येत नाही म्हणून सांगा,” ती म्हणाली. एकेक गाडी फाटकाशी वळे आणि पुढे निघून जाई. त्या कॅप्सूलचा बॅच नंबर तिला अजून तोंडपाठ होता. सुजलेल्या ओठांनी त्या माणसाने तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, मासळी खाल्ल्याचंसुद्धा, आणि तिने ते नीट टिपून घेतलं होतं. तिने विचारलं खूप, सांगितलं मात्र अवाक्षर नाही. डॉक्टरला वाटलं सिस्टर सांगेल, सिस्टरला वाटलं रकानेबाई सांगेल, आणि रकानेबाईला अहवाल पाठवायची घाई होती. तिला स्वतःची अशी लाज पूर्वी कधी वाटली नव्हती.

भाजीचा एक टेम्पो हॉर्न वाजवत आत घुसला. रंगाऱ्याला चौघांनी उचलून उतरवलं. त्याचे डोळे सुजून मिटले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डॉक्टरने मांडीत सुई टोचली. फरक पडेना. त्याने दुसरी टोचली. बायको भिंतीला टेकून नुसती बघत होती. हळूहळू शिट्टी बारीक झाली, छाती नीट वरखाली होऊ लागली आणि डॉक्टरने बाहीने कपाळ पुसलं.

रकानेबाईने एक जाड पुठ्ठा कापला, त्यावर लाल शाईने औषधाचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, ‘हे यांना कधीही देऊ नये.’ तेवढ्यात शिपाई तो देखणा अहवाल घेऊन पुन्हा आला. “साहेब म्हणतात, पाहुणे खूश आहेत. एवढा एक रकाना भरून द्या.”

तिने अहवाल काखेत धरला आणि पुठ्ठा रंगाऱ्याच्या बायकोच्या हातात दिला. “हा खिशात ठेवायचा. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हा दाखवायचा.”

बायकोने लाल अक्षरं हळूहळू वाचली. मग तिची नजर काखेतल्या कागदाकडे गेली. नवऱ्याचं नाव वर ठळक लिहिलेलं होतं.

“म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“हो.”

“लिहूनही ठेवलं होतंत?”

“सगळं लिहिलं होतं.”

“आणि आम्ही मासळी बंद केली,” बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. “मग ताई, ते लिहिलं कुणासाठी होतंत?”