लाखाचा स्वल्पविराम

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याला लागूनच प्रितमशेठचं खत-बियाणांचं दुकान होतं. त्यांची मुलगी सिद्धी २००५ साली पुण्याहून कॉम्प्युटरची पदवी घेऊन घरी आली आणि दुकानातल्या जुन्या मशीनवर तिने हिशोबाचा एक फुकट प्रोग्राम बसवला. तो कुण्या एका कंपनीचा नव्हता. देशोदेशीची माणसं मिळून तो लिहीत, दुरुस्त करीत. ज्याला वाटेल त्याने आतला कोड उघडावा आणि बदल सुचवावा. त्यात चित्रं नव्हती, बटणं नव्हती. काळ्या पडद्यावर ओळ टाइप करून एंटर मारलं की खाती जुळून समोर येत. प्रितमशेठनी आधी नाक मुरडलं, पण महिन्याभरात त्यांचीही बोटं बसली.

अडलं एकाच ठिकाणी. शेठ सवयीप्रमाणे १,२५,००० असं लिहीत आणि प्रोग्राम म्हणे, 'रक्कम चुकीची'.

सिद्धीने कोड चाळला. स्वल्पविराम दर तीन आकड्यांनीच आला पाहिजे, अशी तपासणी कोणीतरी घालून ठेवली होती. आपल्याकडे लाखाला स्वल्पविराम दोन आकड्यांवर पडतो, हे लिहिणाऱ्याच्या गावीही नव्हतं. तिने ती तपासणीच काढून टाकली आणि बदल सगळ्यांच्या सामाईक ईमेल यादीवर पाठवला.

प्रोग्रामची मुख्य जबाबदारी गेरहार्ट नावाच्या जर्मन माणसाकडे होती. त्याचं उत्तर सभ्य होतं. एका देशाच्या लकबीसाठी आपण मूळ प्रोग्राम बदलत नाही, तुमच्या लोकांना स्वल्पविराम न देता लिहायला सांगा.

"तुमच्या लोकांना म्हणजे काय?" सिद्धी पडद्यावरच खेकसली.

"बिनास्वल्पविरामाचं लिहितो की मी," प्रितमशेठ म्हणाले. "काय अडलंय?"

आजोबा चंपालाल गादीवर बसून ऐकत होते. "बेटा, आपण व्यापारी. कुणाला तोंडावर नाही म्हणू नये. गोडीत घ्यावं."

तिने गोडीत घेतलं, दुकानातही मूळ प्रोग्रामच राहू दिला. तो हंगाम बिनास्वल्पविरामाचा गेला. मग एके दिवशी कुंडलिक नावाचा गिऱ्हाईक बिल फडकावत दुकानात शिरला.

"शेठ, मी काय अख्ख्या गावाचं खत नेलं व्हय?"

शेठच्या बोटाखालून एक शून्य जास्त पडलं होतं. सिद्धीने माफी मागून नवं बिल काढलं. कुंडलिकने तेही डोळ्यांजवळ धरलं.

"नुसतं आकडं रांगेत हुबं केल्यात. मधी काय फाटा न्हाई, काय न्हाई. वाचायचं कसं राव?"

तो गेल्यावर सिद्धी मशीनसमोर बसली. तिने गेरहार्टला लिहिलं, 'ही लकब नाही. शंभर कोटींहून जास्त माणसं असंच लिहितात आणि असंच वाचतात. त्यांना सवय मोडा म्हणून सांगायला मी जाणार नाही. बदल नको असेल तर मी प्रोग्रामची वेगळी प्रत काढते. परवान्यात तो हक्क सगळ्यांना आहे.'

"भांडण विकत घेतलंस," चंपालाल म्हणाले.

"आजोबा, तो आपला गिऱ्हाईक नाही. आणि मी त्याला काही विकायला बसलेली नाही."

आपल्या प्रतीला तिने जवळच्या नदीवरून 'कुकडी' नाव दिलं. काठमांडूहून, सिल्हेटहून, कोलंबोहून माणसं ती उतरवून घेऊ लागली. सोबत तक्रारीही आल्या. कुणाकडे छपाई बिघडे, कुणाची बेरीज अर्ध्यात थांबे. लोडशेडिंगमधून मिळेल तेवढ्या विजेत सिद्धी एकेक निस्तरत राहिली. हे काम तिला कोणी दिलेलं नव्हतं, म्हणूनच बहुतेक ते तिला सोडवत नव्हतं.

आणि मग एक तक्रार आली ती नेमकी तिच्याच बदलावर. काठमांडूच्या एका शाळेच्या बाईंनी साडेबारा रुपये लिहिताना टिंबाऐवजी चुकून स्वल्पविराम टाकला होता. कुकडीने हूं की चूं न करता ते बाराशे पन्नास धरले. गेरहार्टने लगेच यादीवर सगळ्यांसमोर लिहिलं, 'ती तपासणी याचसाठी होती.'

सिद्धीचे कान तापले. त्याचं बरोबर होतं. कुंपण चुकीच्या जागी होतं म्हणून तिने अख्खं कुंपणच उपटलं होतं.

"झालं ना आता? कर बंद," प्रितमशेठ म्हणाले.

"चुकलं तर दुरुस्त करीन. बंद कशाला?"

वीज गेलेली होती. फाइली पेन ड्राइव्हवर होत्याच. ती वडापच्या जीपने मंचरला गेली आणि जनरेटर असलेल्या एका सायबर कॅफेत कोपरा धरून बसली. शेजारी कॉलेजची पोरं गेम खेळत ओरडत होती. तिने तपासणी नव्याने लिहिली. वापरणाऱ्याने फाइलच्या सुरुवातीलाच सांगायचं, मांडणी हजाराची की लाखाची. मग त्या मांडणीत एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला, तरी प्रोग्रामने तिथेच अडवायचं. नवी आवृत्ती चढवताना पहिलं वाक्य लिहिलं, 'आधीची चूक माझी होती.'

या वेळी गेरहार्टने सगळं बारकाईने वाचलं. हे नेटकं आहे, मूळ प्रोग्राममध्ये घेतो, फक्त या मांडणीचं नाव 'अप्रमाण' असेल, असं त्याने कळवलं.

'अप्रमाण हा शब्द काढा, मग घ्या,' सिद्धीने उत्तर दिलं.

'एका शब्दासाठी अडून बसलात?'

'तुम्हीही.'

मग यादीवर सिल्हेटचा एकजण सिद्धीच्या बाजूने बोलला, पाठोपाठ कोलंबोचा आणि ध्यानीमनी नसताना ब्राझीलची एक बाई. शेवटी बदल मूळ प्रोग्राममध्ये गेला. मांडणीचं नाव होतं 'लाख'. खाली गेरहार्टचा निरोप होता, आकड्यांचा भाग यापुढे तुम्हीच सांभाळाल का?

सिद्धीने बातमी सांगितली तेव्हा चंपालालनी विचारलं, "म्हणजे तो नमला?"

"नमला नाही. पटलं त्याला. मलाही त्याचं थोडं पटलंय."

"आणि फुकटातच करायचं हे?"

"हो."

चंपालाल मान हलवत गिऱ्हाइकाकडे वळले.

सिद्धीने होकार कळवला. मग तिने गेरहार्टने पूर्वी 'गरज नाही' म्हणून मिटवलेल्या तक्रारी उघडल्या. तिसरीच नेपाळहून आलेली होती. आमच्या पंचांगाच्या तारखा प्रोग्राम स्वीकारत नाही, असं तिथल्या कुणीतरी लिहिलं होतं. तारखांचं काम तिच्याकडे दिलेलं नव्हतं. तिने ती तक्रार पुन्हा चालू केली आणि खाली आपलं नाव घातलं.